सेकंडहँड गाडीसोबत आलेल्या ॲक्सेसरीज: काय तपासायचं, काय ठेवायचं, काय काढायचं

सेकंडहँड गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकला जातो, टायरची नक्षी बघितली जाते, किलोमीटरवरून घासाघीस होते. मोठी स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, जादा दिवे, अलॉय आणि सीट कव्हर मात्र 'वरून फुकट मिळालं' म्हणून कोणी उघडून बघत नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी बसते, पावसात कॅमेरा आंधळा होतो किंवा बोनेटमधून जळका वास येतो, आणि नाव कंपनीचं खराब होतं. खरं तर वस्तू बहुतेक वेळा ठीक असते. घोळ असतो तिच्या जोडणीत: वायर कुठून घेतली, मध्ये फ्यूज आहे का, भोक कुठे पाडलं. हे सगळं दुसऱ्याने केलेलं असतं आणि त्याची नोंद कुठेही नसते. ती नोंद तयार करणं हे नव्या मालकाचं पहिलं काम.

त्यासाठी लागणारं सामान थोडंच आहे: 10 नंबरचा पाना, 10 अँपिअरपर्यंत करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, चांगली टॉर्च, मास्किंग टेप, पेन आणि पाती फ्यूजचं एक मिश्र पाकीट. दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवा. पिवळ्या वेष्टनातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड केशरी केबलजवळही जायचं नाही.

पायरी 1: बॅटरीपासून यादी

दिवसाउजेडी बोनेट उघडा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर किती वायरी आहेत ते मोजा. कंपनीच्या केबल जाड असतात, नीट साच्यातल्या आवरणात असतात आणि सेल्फ मोटर किंवा फ्यूज बॉक्सकडे जातात. त्यांच्यासोबत नटाखाली दाबलेली बारीक लाल वायर दिसली की ती बाहेरून बसवलेली समजा. अशी प्रत्येक वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत न्या. स्क्रीनकडे जाते, हॉर्नकडे, दिव्यांकडे की डिकीतल्या ॲम्प्लिफायरकडे, ते टेपवर लिहून वायरीला गुंडाळा.

आता त्या वायरीवर फ्यूज शोधा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो वस्तूजवळ, म्हणजे डॅशबोर्डच्या आत असेल, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची दीड-दोन मीटर वायर उघड्यावरच आहे. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यावर घासून तिचं प्लास्टिक निघालं, तर बॅटरीचा पूर्ण करंट त्या वायरीतून वाहील आणि तोडायला मध्ये काहीच नसेल. गाडीला आग लागण्याचं हे एक ठरलेलं कारण. फ्यूज होल्डर विकत आणून वायरीच्या सुरुवातीला बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, ते पुढच्या रविवारवर ढकलू नका.

फ्यूजचा रंग बघून आकडा कळतो: 5 अँपिअर फिकट बदामी, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा पारदर्शक, 30 हिरवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, वस्तूला वाचवण्यासाठी नव्हे. त्यामुळे आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. दुकानात ज्याला 'दीड एमएम' म्हणतात त्या तांब्याच्या वायरीवर 10 अँपिअर, 'अडीच एमएम'वर 15 ते 20 आणि 'चार एमएम'वर 30, हा हिशेब दोन-तीन मीटर लांबीसाठी सुरक्षित आहे. बारीक वायरीवर हिरवा फ्यूज दिसला तर आधीच्या मालकाचा फ्यूज वारंवार उडत होता आणि कोणीतरी मोठा घालून प्रश्न 'मिटवला', असं समजा. खरा बिघाड अजून तिथेच आहे.

जोडही बघा. वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर बोनेटच्या उष्णतेत त्या टेपचा डिंक वितळतो आणि सहा महिन्यांत जोड उघडा पडतो. मूळ वायरीला चावा घेऊन जोडणारे निळे-लाल प्लास्टिकचे चिमटे हवा आणि पाणी आत घेतात. तांबं हिरवं पडतं आणि दिवा कधी लागतो, कधी नाही. असे जोड कापून नीट क्रिंप करा, म्हणजे धातूच्या जोडनळीत पक्कडीने दाबून पक्के करा, आणि वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. डॅशबोर्डच्या आत कापडी टेप चालते.

निगेटिव्ह बाजूला एक बारकावा आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. ॲक्सेसरीची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लावली तर तिचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. काळी वायर बॉडीच्या अर्थ बोल्टवर, रंग खरवडून, रिंग टर्मिनलने कसा.

पायरी 2: गाडी बंद असताना बॅटरी कोण खातंय?

'दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारत नाही' ही ॲक्सेसरीवाल्या गाडीची सर्वांत कॉमन तक्रार. लोक बॅटरी बदलतात आणि नवीही तशीच बसते. आधी हे मोजा:

1. सगळे दिवे बंद करा, किल्ली काढून गाडीपासून दूर ठेवा. ड्रायव्हरची काच खाली ठेवा, म्हणजे गाडी स्वतःहून लॉक झाली तरी अडकायला नको. दार उघडंच ठेवून त्याच्या कुलपाचा खटका स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला. गाडीला दार लागलं असं वाटलं पाहिजे.

2. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात, काळी कॉमनमध्ये, खटका डीसी अँपिअरवर.

3. बॅटरीची निगेटिव्ह केबल ढिली करून काढा. मीटरची एक टोकणी निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरी त्या काढलेल्या केबलला. आता करंट मीटरमधून वाहतोय. या अवस्थेत सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका; मीटरचा फ्यूज जाईल.

4. पहिला आकडा 1 ते 3 अँपिअर दिसेल. घाबरू नका, गाडीतले कंट्रोलर जागे झालेत. अर्धा तास थांबा.

5. त्यानंतर 0.05 अँपिअर किंवा कमी असेल तर सगळं ठीक. जास्त असेल तर बाहेरून लावलेले फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा धप्पकन खाली येतो तो चोर.

आकड्याचा अर्थ असा. 0.2 अँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ 5 अँपिअर-तास. छोट्या हॅचबॅकची बॅटरी 35 अँपिअर-तासाची. त्यातला अर्धा साठा गेला की सेल्फ कुंथायला लागतो. म्हणजे साडेतीन दिवसांत खेळ खलास. रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेजही सांगतो: 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊणएक, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. वारंवार रिकामी झालेली बॅटरी नंतर कितीही चार्ज करा, तिची मूळ ताकद परत येत नाही.

केबल परत लावल्यावर घड्याळ, रेडिओचे स्टेशन आणि काच एका झटक्यात वर नेणारं बटण पुन्हा सेट करावं लागू शकतं. तो बिघाड नव्हे.

चोर बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतो. पहिला, अँड्रॉइड स्क्रीन. तिच्या मागे पिवळी वायर कायम चालू असते आणि लाल वायर किल्लीने चालू-बंद होते. फिटरला किल्लीची लाइन सापडली नाही की तो दोन्ही एकत्र बांधतो. स्क्रीन काळी दिसते पण आतून जागी राहते. उलट दोघींची अदलाबदल झाली असेल तर किल्ली काढली की घड्याळ आणि सेटिंग पुसली जाते. दुसरा, ॲम्प्लिफायरची निळी 'रिमोट' वायर. ती स्क्रीनकडून यायला हवी, पण थेट पॉझिटिव्हला जोडलेली सापडते. तिसरा, पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम. त्याच्या हार्डवायर किटवर किती व्होल्टला बंद व्हायचं हा खटका असतो, तो 11.6 वर असेल तर 12.2 वर आणा. सकाळी ऑफिसला जाणं त्या फुटेजपेक्षा महत्त्वाचं असतं.

चौथाही एक असतो, आणि तो बॅटरीपेक्षा तुमच्या खासगीपणासाठी वाईट. डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढा जीपीएस ट्रॅकर राहिलेला असू शकतो, आधीच्या मालकाने किंवा गाडीवर कर्ज देणाऱ्याने बसवलेला. तुम्ही कुठे जाता हे अजून कोणाच्या तरी मोबाइलवर दिसत असेल. तो काढाच. त्याच बैठकीत स्क्रीन फॅक्टरी रिसेट करा, जुने फोन आणि त्यांचे कॉन्टॅक्ट पुसा. सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं असेल तर दोन्ही रिमोट मागून घ्या आणि रिमोट नव्याने 'शिकवून' घ्या, म्हणजे तिसरा कोणाकडे राहिला असेल तर तो बाद होतो. काचेवरचा जुना फास्टॅग बंद करायला सांगून आपल्या नावाचा घ्या. ओबीडी पोर्टात (मेकॅनिक गाडीचा बिघाड वाचतो त्या सॉकेटात) खोचलेला स्वस्तातला डोंगलही उपटून ठेवा, तपासणीपुरताच वापरा.

पायरी 3: लगेच काढायच्या गोष्टी

इथे मोजमाप नको, चर्चाही नको.

सीट बेल्टच्या खाचेत खोचायची खोटी क्लिप कचऱ्यात टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. बेल्ट न लावलेल्या माणसाच्या अंगावर एअरबॅग उघडली तर तीही इजा करते.

पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली तो बेकायदा बदल धरला जातो. दंड सोडा, टक्करीत गाडीचं नाक ठरवून चुरगळावं आणि सेन्सरने एअरबॅग उघडावी, अशी सगळी रचना असते. गार्ड तो धक्का थेट चासीत नेतो.

सीट कव्हर काढण्याआधी सीटच्या दाराकडच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी आहे का बघा. असेल आणि कव्हरला त्या जागी फाटणारी खास शिवण किंवा मोकळी जागा नसेल, तर ते कव्हर बाजूची एअरबॅग अडवणार. अशा गाडीला कव्हर नसलेलं बरं.

ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट नकोत. वरची मॅट पुढे सरकून ॲक्सिलरेटर दाबून धरते. एकच मॅट, तीही जमिनीवरच्या हुकात अडकलेली. पेडल तळापर्यंत दाबून सोडा, कुठेही घासता कामा नये.

काळी फिल्म. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालापासून काळ्या फिल्मवर दंड होतोच. मागच्या काचेची फिल्म ब्लेडने खरवडू नका, डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तपकिरी रेषा तुटतात. हेअर ड्रायरने गरम करून एका कोपऱ्यातून हळू सोला. अनेक सुरांचा किंवा कर्कश प्रेशर हॉर्न असेल तर तोही उतरवून कंपनीचा परत बसवा.

पायरी 4: दिवे आणि हॉर्न

इथे थोडं रेंगाळू, कारण सर्वांत जास्त वितळलेले होल्डर इथेच सापडतात.

एच4 प्रकारचा कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा. दोन्ही लो बीम मिळून साधारण 9 ते 10 अँपिअर घेतात आणि स्टिअरिंगखालचा स्विच, वायर, कपलर तेवढ्याच हिशेबाने बनवलेले असतात. त्यात 100/90 चा बल्ब घातला की करंट दीडपटीच्या वर जातो. आधी कपलर तपकिरी होतो, मग ठिसूळ, मग पिना ढिल्या होऊन आणखी तापतात. रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामाही करपतो. बल्बमागचा कपलर काढून बघा: पांढरं किंवा काळं प्लास्टिक पिनांभोवती फुगलेलं, पिवळट झालेलं असेल तर सिरॅमिक होल्डर घाला आणि बल्ब परत 60/55 चे करा.

'पण उजेड कमी पडतो' याचं उत्तर बहुधा बल्बमध्ये नसतं. हॅलोजनला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि जुन्या गाडीत स्विचमधून फिरून येताना एक व्होल्ट सहज गळतो. उपाय रिले हार्नेस: रिले म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि हार्नेस म्हणजे त्याच्या वायरींचा तयार जुडगा. चार पिनी रिलेत 30 नंबरला बॅटरीकडून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून येणारी अडीच एमएमची वायर, 87 मधून दिव्याकडे, 85 ला बॉडी अर्थ आणि 86 ला जुन्या कपलरमधली हेडलाइटची लाइन. लो आणि हाय बीमला वेगवेगळे रिले. आता स्विचमधून फक्त रिलेच्या गुंडाळीचा दीडशे मिलिअँपिअर करंट जातो आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ तोडतो, तिथे 85-86 ची जोडणी बदलते. आधी मीटरने बघा. पाच पिनी रिले असेल तर मधली 87ए पिन मोकळी सोडा, ती रिले बंद असताना चालू असते.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवलेला असेल तर भिंतीवर परीक्षा घ्या. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करून लो बीम लावा. उजेडाची वरची कड धारदार हवी, दिव्याच्या मध्यापेक्षा 5 ते 7 सेंटिमीटर खाली, आणि डाव्या बाजूला वर चढणारी. कड दिसतच नसेल, उजेड वर छतापर्यंत पसरत असेल, तर समोरून येणाऱ्याचे डोळे तुम्ही रोज दिपवताय. बल्ब त्याच्या कॉलरमध्ये फिरवून फरक पडतो का बघा. नाही पडला तर काढून टाका.

मोठ्या आवाजाच्या हॉर्नची जोडी 10 अँपिअरच्या पुढे जाते, तिलाही रिले हवा. हॉर्नचं तोंड खाली किंवा तिरकं खाली ठेवा, वर असेल तर पहिल्याच पावसात घसा बसतो.

सगळं चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) पुरतो का, हेही एकदा बघून घ्या. छोट्या गाडीचा अल्टरनेटर 65 ते 75 अँपिअरचा, तोही इंजिन वेगात फिरत असताना. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, साधारण निम्मा. पावसाळी रात्री ट्रॅफिकमध्ये हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसीचा क्लच, रेडिएटरचा पंखा आणि इंजिनची स्वतःची गरज मिळूनच 45 ते 55 होतात. त्यात जादा दिव्यांचे 9 आणि ॲम्प्लिफायरचे 20 टाका. फरक बॅटरी भरून काढते. इंजिन आयडलवर ठेवून सगळं लावा आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. 13 च्या वर असेल तर निभावतंय. 12.8 च्या खाली असेल तर जाममध्ये अडकल्यावर जादा दिवे आणि ॲम्प्लिफायर बंद ठेवण्याची सवय लावा. ज्या नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो, तिथे व्होल्टेज मुद्दाम वर-खाली होत राहतो. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

पायरी 5: चाकं

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा आणि बसवलेल्या टायरशी ताडून बघा. रिम मोठी चालेल, पण टायरसकट पूर्ण व्यास मूळच्या 2-3 टक्क्यांत हवा. उदाहरणार्थ 185/65 आर15 चा व्यास 621.5 मिलिमीटर. 195/55 आर16 चा 620.9, म्हणजे बरोबर बदली. 195/65 आर15 घातला तर 634.5, सुमारे 2 टक्के मोठा; स्पीडोमीटर कमी वेग दाखवेल आणि मागे तीन माणसं बसली की चाकाच्या कमानीत घासू शकतो. टायरवरचा लोड इंडेक्सही (तो किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्या इतका किंवा जास्त हवा. रिमच्या मागे स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) सापडला तर काढा.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. अलॉयला चोरीविरोधी नट असेल तर त्याची खास किल्ली आधीच्या मालकाकडून घ्या, नाहीतर पंक्चरच्या वेळी हायवेवर हात चोळत बसाल. दुसरं, स्टेपनी बहुधा लोखंडी रिमची असते आणि अलॉयच्या नटांचा निमुळता भाग तिला बसतोच असं नाही. घरच्या अंगणात एकदा स्टेपनी लावून बघा. वेगळे नट लागत असतील तर डिकीत ठेवा. नट एकाआड एक, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने कसायचे, हॅचबॅकला तो साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, आणि 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर परत तपासायचे.

पायरी 6: सीएनजी किट असेल तर

आधी कागद. आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असं चढलेलं नसेल तर ती गाडी कायद्याने पेट्रोलचीच आहे आणि आग लागली तर विमा कंपनी हात वर करेल. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर 3 वर्षांनी. तारीख संपलेली असेल तर पंपावर गॅस मिळत नाही, आणि मिळाला तरी भरू नये. आत 200 बारचा दाब असतो.

वापरताना गाडी पेट्रोलवर सुरू होऊ द्या, इंजिन थोडं गरम झालं की किट स्वतःच गॅसवर जातं. पेट्रोल टाकी पाव तरी भरलेली ठेवा. बऱ्याच किटमध्ये गॅसवर चालतानाही टाकीतला पंप फिरत राहतो, आणि त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवलं की इंजेक्टर चिकटत नाहीत. महिन्यातून एकदा जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी फिटरकडे न्या. तो व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवायचा, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हाताने करून दाखवा. डिकीत सामान भरताना व्हॉल्व्हवर काही आदळेल असं ठेवू नका.

पायरी 7: विमा

आधीच्या मालकाच्या पॉलिसीत या वस्तू असतीलच असं नाही. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते, त्याच वेळी ॲक्सेसरीजची यादी द्या. इलेक्ट्रिकल वस्तूंना सहसा किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम पडतो: 20,000 रुपयांच्या स्क्रीन-स्पीकरला 800 रुपये आणि वर कर. सीएनजी किटचंही तसंच, शिवाय थर्ड पार्टीचे 60 रुपये. बिलं मिळाली तर ती, नाहीतर फोटो काढून जोडा. वॉरंटी शिल्लक असेल तर कापलेली मूळ वायर हे नकाराचं पहिलं निमित्त ठरतं. म्हणून स्क्रीन वगैरे बदलताना कपलरला कपलर लागणारंच हार्नेस मागा, बिलावर तसं लिहून घ्या.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

मे महिन्यात एक सकाळ यासाठी काढा. बाहेरून आत येणारी प्रत्येक वायर फायरवॉल किंवा डिकीच्या पत्र्यातून रबरी ग्रोमेटमधून येते का, हे बघा. आत शिरण्याआधी तिला खाली झोळ हवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. झोळ नसेल तर तेच पाणी वायर धरून थेट फ्यूज बॉक्सवर किंवा कार्पेटखाली येतं.

पहिल्या जोरदार सरीनंतर सेव्हन-डी (पूर्ण तळ झाकणारी जाड) मॅट उचलून खालच्या कार्पेटवर तळहात दाबा. या मॅट वरून कोरड्या दिसतात आणि खाली ओल महिनाभर धरून ठेवतात. कुबट वास, गंजलेला तळपत्रा आणि सीटखालच्या कपलरवर हिरवा खार, असं सगळं त्या ओलीतून सुरू होतं. ओल असेल तर मॅट पूर्ण काढा, पावसाळाभर साधी रबरी मॅट वापरा. पाणी फक्त डावीकडे असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय का तेही तपासा, सगळा दोष वायरीला देऊ नका.

कॅरिअर, मडफ्लॅप, जादा दिवे, पार्किंग सेन्सर यांसाठी पत्र्यात पाडलेली भोकं शोधा. कडा उघड्या असतील तर गंज काढून झिंक प्रायमर आणि वर टचअपचा रंग लावा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा एकाच पावसाळ्यात पत्रा पोखरते, तिथे हे टाळूच नका. अंडरबॉडी कोटिंग केलेलं असेल तर दारांच्या तळाची आणि सिलची (दाराखालच्या उंबऱ्याची) पाणी जायची भोकं त्या डांबरासारख्या थराने बुजलीत का बघा. बुजली असतील तर प्लास्टिकच्या काडीने उघडा. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की समजा बुजलीत.

रिव्हर्स कॅमेऱ्याची काच आतून धुरकट झाली तर पाणी आत गेलंय. तो दुरुस्त होत नाही, बदलायचा. चित्र अजिबात येत नसेल तर कॅमेरा बदलण्याआधी रिव्हर्स दिव्यावरून येणारी ट्रिगर वायर आणि डिकीच्या दाराजवळचा रबरी पाइप तपासा. दार उघडझाप करून वायर त्या वळणातच तुटते.

रेन व्हायझर आणि बीडिंग डबल टेपवर असतात. सुटलेलं परत लावताना जुना डिंक पूर्ण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून धरा. टेपला पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात, तोवर गाडी प्रेशरने धुऊ नका.

उंदीर पावसात बोनेटचा आसरा घेतात आणि सैल लोंबणारी नवी वायर आधी कुरतडतात. बाहेरून टाकलेल्या सगळ्या वायरी खाचेदार काळ्या कंड्युट नळीत घालून मूळ वायरिंगला टायने बांधा. आठवड्यातून एकदा बोनेट उघडायची सवय ठेवा, लेंड्या दिसल्या की आधी त्यांचा बंदोबस्त.

बॅटरी बसली तर

एवढं करूनही कधी सेल्फ नुसता टकटक करतो. जंपर केबल लावण्याआधी स्क्रीन, ॲम्प्लिफायर, डॅशकॅम, जादा दिवे बंद करा किंवा त्यांचे फ्यूज काढा. टेपवर नावं लिहिलेली असल्यामुळे आता ते मिनिटाचं काम आहे. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडालीच तर बॅटरीतल्या वायूजवळ उडायला नको. गाडी सुरू झाल्यावर उलट्या क्रमाने काढा आणि अर्धा-पाऊण तास चालवा, आयडलवर उभी ठेवून बॅटरी भरत नाही. मग टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, कसा आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. त्याच संध्याकाळी पायरी 2 मधलं मीटर परत लावा.